देन्सियोची कंबर

लेऑन, ९ जानेवारी १९९५

रोवेना,

तुझ्या नावाआधी 'सौ.' लिहायला गेले होते. पण ते अक्षर फादरनी चर्चमध्ये माझ्या नावाला लावलं आहे, आणि आपल्या देशात ते एकीचं काढून दुसरीला देता येत नाही. म्हणून नुसतंच रोवेना. तूही मला 'मानांग' लिहू नकोस. मानांग थोरल्या बहिणीला म्हणतात, आणि माझ्या धाकट्या बहिणींपैकी कुणी माझ्या पुढ्यातलं ताट उचलून नेलेलं नाही.

तुझं पत्र बेर्तोने गुरुवारच्या बाजारात आणून दिलं. प्रवाशांनी भरलेली जीपनी दरीच्या कडेने बेधडक हाकणारा हा ड्रायव्हर, पण पत्र माझ्या कोबीच्या पोत्यावर टाकून असा पळाला, जणू हातात साप होता. आजूबाजूच्या भाजीवाल्या माना लांब करून बघत होत्या. मी आधी सगळी गाजरं विकली, टोपली झाडली, आणि मग पाकीट फोडलं.

तू लिहितेस, देन्सियोची कंबर धरली आहे. पायात चप्पल सरकवता येत नाही, शिंकला तरी ओरडतो, जीपनी दारात उभी आहे. 'तुम्ही इतकी वर्षं त्याचं दुखणं सांभाळलंत, काय करत होतात ते सांगा.' हे विचारायला तुला दोन वर्षं लागली. माझा नवरा न्यायला फिएस्टाच्या जत्रेतली एक रात्र पुरली होती.

ऐक. ती कंबर तुझ्याकडे येऊन बिघडली असं समजून रडू नकोस. ती माझ्याकडेच बिघडली. जीपनीच्या टपावर कोबीची पोती चढवताना एकदा खाडकन उसण भरली, आणि खाली उतरला तो कोळंबीसारखा वाकडा. चाळिशी नुकती उलटली होती. तेव्हापासून ते दुखणं येतं, जातं, पुन्हा येतं. दमट हवेत जास्त, भांडणानंतर त्याहून जास्त.

मी काय करत होते ते त्याने तुला सांगितलंच असेल. साऱ्या बाजाराला सांगून झालंय. 'आमची कारिंग बाई नाही, गाडीवान आहे. कंबर तुटत असली तरी पहाटे उठवते आणि रेड्यासारखं हाकते.' खरं आहे. म्हणून तर तो तुझ्याकडे आहे. तेव्हा माझ्यासारखं काही करू नकोस. तू मऊ आहेस, मऊच राहा.

त्याला पडू दे. सावरीच्या कापसाची जाड गादी घाल, अंग आत बुडेल अशी. कंबरेचा पट्टा दिवसरात्र बांधलेला ठेव. वाकू देऊ नकोस. खाली पडलेलं तू उचल, चप्पल तू घाल. मालिशवालीला रोज बोलाव. आणि 'दुखतं' म्हणाला की लगेच 'झोप' म्हण. बायकोच्या तोंडून हा एक शब्द ऐकायला तो जन्मभर आसुसलेला आहे.

आभार मानू नकोस.

सौ. एन्कार्नासियोन काबालफिन


लेऑन, २० मार्च

रोवेना,

सुकी मासळी मिळाली. परत पाठवणार होते, पण माझ्याआधी मांजर पोचलं.

गादीवर त्याला बरं वाटतं, तोंडावर तकाकी आलीय, जीपनी तुझा भाचा चालवतो. छान. फक्त एक चूक करायला निघाली आहेस. रविवारी कोंबड्यांच्या झुंजीला जायचं म्हणतो आणि तू 'जाऊन ये' म्हणणार आहेस. नको. तिथे सकाळभर उभा राहील, ओरडेल, आपला कोंबडा जिंकला की उड्या मारेल. मध्येच उसण भरली तर? त्यालाच विचार. उठताना, पायरी उतरताना, तोंड धुवायला वाकताना, प्रत्येक वेळी विचारत जा. मणका तांदळाच्या पापडासारखा झालाय म्हणावं. शहरात एका माणसाचा मणका नुसत्या शिंकेने गेला आणि त्याच्या पायांतला जीवच गेला, असं मी ऐकलंय. तेही सांग. काळजी म्हणून लिहिते.

पट्टा, मालिश ही वरवरची औषधं. मनात धास्ती बसली की माणूस आपोआप जपून राहतो.

रागावला तर रागावू दे. जवळ बसून वारा घाल. तळहाताच्या फोडासारखं जप.

एन्कार्नासियोन


लेऑन, १४ मे

रोवेना,

काल मी तुझ्या खानावळीत येऊन गेले. तू मागे चुलीपाशी होतीस, म्हणून आधीचं तुला माहीत नाही. तो तुला त्याच्या सोयीचं सांगेल, म्हणून मीच लिहिते.

शहरात बियाणं आणायला निघाले होते, वाटेत तुझ्या ओतोनला उतरले. पडदा बाजूला केला. खिडकीपाशी गादीत तो रुतला होता, चारी बाजूंनी उशा, बनियनवरून पट्टा आवळलेला. मी आधी त्याचे पाय पाहिले. ज्या पोटऱ्यांच्या जोरावर क्लच दाबत तो आमचा घाट चढायचा, त्या कोंबडीच्या तंगड्या झाल्यात.

मला बघून दचकला नाही. हसला.

"बघ कारिंग, याला बायको म्हणतात. मागायच्या आधी पाणी येतं."

"येतंय ना? पी."

"नऊ वर्षं पळवलंस मला. हातात चाबूक तेवढा नव्हता."

"जरा उठतोस का? बघू दे किती सरळ होतोस."

"वेडी का काय! मणका तुटेल माझा. तुला तेच हवंय." आणि बाहेर जेवणाऱ्या ड्रायव्हरांना ऐकू जावं म्हणून आवाज चढवला, "अरे, बघा रे! आमची गाडीवान आलीय, मला जुंपायला!"

सगळे हसले. बेर्तोसुद्धा हसला, तोंडात भात होता तरी.

मग तू आलीस, हात पुसत. मला बसवलंस, माझ्यापुढे बाचॉय सूपचा वाडगा ठेवलास. ठेवताना तुझा एक हात तुझ्या स्वतःच्या कंबरेवर होता. उचलून बसवतेस ना त्याला? वजनाने तो आता रांजण झालाय आणि तू पाण्याच्या तांब्याएवढी.

तू हळूच विचारलंस, "माझं काही चुकत नाही ना?"

मी म्हटलं, "काहीच चुकत नाही."

मनापासून म्हटलं. बाचॉयमध्ये मीठ कमी होतं, एवढंच.

एन्कार्नासियोन


लेऑन, ३ जुलै

रोवेना,

तुझ्या पत्रात एकच ओळ आहे. 'तुम्हाला माहीत होतं.'

बाकीचं बेर्तोने सांगितलं. देन्सियोला गादीसकट जीपनीत घालून तू शहरातल्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलंस. त्यांनी त्याच्या मांड्या चाचपल्या आणि ओरडले, "हा माणूस असा कुणी केला?" मग तुझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "याच्या बायकोला मी सगळं शिकवलं होतं. बुटकी बाई, पुरुषी टोपी घालायची. मला टेबलावर झोपून दोनदा करून दाखवायला लावलं होतं तिने. तू ती नव्हेस." बेर्तो म्हणतो, तू तिथेच जमिनीवर बसलीस.

हो. माहीत होतं.

डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, मणका शाबूत आहे. या वयात हे दुखणं पुरतं जात नाही, पण दुखण्याला बरोबर घेऊन माणूस चालू शकतो. अंथरूण धरलं तर मात्र अंथरूणच त्याला धरतं. मी घरी आले आणि बांबूच्या जमिनीवर त्याच्या शेजारी आडवी झाले. पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवायचे, कंबर उचलायची, धरायची, सोडायची. मग रांगत्या पोरासारखं हातागुडघ्यांवर यायचं, एक हात पुढे आणि उलट्या बाजूचा पाय मागे. तो शिव्या घालायचा, मी मोजायची. रोज चालायचं, दुखेल त्या दिवशी थोडं कमी, पण चालायचंच. पोतं उचलायचं तर गुडघ्यात बसून, अंगाशी धरून. पट्टा फक्त ओझ्यापुरता. सगळं मी त्याच्याबरोबर केलं, कारण एकटा तो करत नसे. आम्हाला मूल नव्हतं. दुसऱ्या बायका पोराच्या पहिल्या पावलाकडे बघतात तशी मी त्या एका कंबरेकडे बघत होते.

आणि ती सरळ झाली. पन्नाशीचा माणूस तिशीतल्यासारखा चालू लागला. त्याच सरळ कंबरेने तो ओतोनच्या फिएस्टात तुझ्याबरोबर नाचला. त्याच सरळ कंबरेने त्याने आपली ट्रंक माझ्या दारातून उचलून जीपनीत ठेवली. गुडघ्यात बसून, अंगाशी धरून, मी शिकवलं होतं तसं. मी दारात उभी होते. पद्धत चुकली नाही, एवढं माझ्या लक्षात आलं.

आणि तुला वाटलं, तू एक पत्र लिहिशील आणि ही बाई तुझ्यासाठी त्याला दुसऱ्यांदा सरळ करून देईल?

मी तुला विष पाठवलं नाही. त्याला जे हवं होतं तेच लिहून पाठवलं. तू ते प्रेमाने दिलंस.

आता सगळं तुझ्यापुढे आहे. कर. तुला जमायचं नाही. तो चेटकीण म्हणेल, लोकांपुढे रडून दाखवेल, तुझ्या हातचं जेवण भिरकावेल. दुसऱ्याच दिवशी तू डोळे पुसत गादी झटकून घालशील. पुरुषाला सरळ करायला आधी त्याच्या नजरेतून उतरावं लागतं. तुझ्यासारख्या बाईला तेवढंच परवडत नाही.

एन्कार्नासियोन


लेऑन, १८ सप्टेंबर

रोवेना,

आभाराचं पत्र मिळालं. मी शिव्यांची वाट बघत होते.

चर्चपर्यंत चालत गेला. शहराच्या अर्ध्या वाटेपर्यंत जीपनीही नेली. तू पट्टा चुलीत घातलास, गादी शेजारच्या कुत्रीला दिलीस, तिने तिच्यावर पिल्लं घातली. तो तुझ्याशी धड बोलत नाही, आणि रागावला की तुला 'कारिंग' म्हणून हाक मारतो. हे तू हसून लिहिलंयस. माझं पत्र चुलीपाशी खिळ्याला लावून त्यातलं वाचून वाचून त्याच्याकडून व्यायाम करून घेतलेस, हेही.

मी ते पत्र तुला भाजून काढायला लिहिलं होतं.

पुन्हा मला मानांग लिहिलं आहेस. लिहू नकोस.

ए.


लेऑन, २२ ऑक्टोबर

रोवेना,

तू त्याला शोधत असशील. शोधू नकोस, तो इथे आहे.

मी बोलावलं नाही. काल दुपारी लसूण सोलत बसले होते, तर चढावर कुणी माणूस येताना दिसला. आधी ओळखलं नाही. ताठ चालत होता, ट्रंक हातात. दारात येऊन थांबला, दम लागला नव्हता.

"काय रे, वाट चुकलास?"

"कारिंग, ती तुझ्यासारखी झाली गं."

मी लसूण सोलत राहिले.

"पहाटे उठवते. माझा पट्टा जाळला. मी पडलो की शेजारी येऊन बसते आणि आकडे मोजते. बाजारातली पोरं मला बघून उठाबशा काढतात. पूर्वी कशी होती! आता तोंड उघडलं की तूच बोलतेस." तो पायरीवर बसला. खरोखरचे डोळे पुसले. "मी थकलोय. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कुणी पडूसुद्धा देऊ नये? दुखतं गं मला. रोज थोडं दुखतंच. चालून कमी होतं, पण जात नाही. मग कशाला चालायचं?"

"मग इथे कशाला आलास? मी तर पहिली चेटकीण."

"तू आता म्हातारी झालीस. तुझ्यातही जोर उरला नसेल. मला फक्त पडायचंय."

ही त्याची माझ्याकडे परत येण्याची रीत. जवळजवळ तीन वर्षांनंतर.

अंगाला वारा लागावा म्हणून त्याने शर्ट काढला आणि पाठ माझ्याकडे झाली. रोवेना, तू चांगलं काम केलंस. मणक्याच्या दोन्ही बाजूंना स्नायू दोरखंडासारखे वर आले होते. मला ते आणायला कितीतरी वर्षं लागली होती. मी त्या पाठीकडे बघत राहिले आणि मला स्पष्ट दिसलं, ही पाठ चार-सहा महिने इथे राहील, मग पुन्हा ट्रंक उचलेल. तुझ्याकडे नाही. आणखी कुणाकडे तरी, जिला यातलं काही माहीत नसेल.

मी म्हटलं, "ये. पड."

संध्याकाळी बाजारात जाऊन गादी घेऊन आले. सावरीची, जाड.

एन्कार्नासियोन


लेऑन, २७ नोव्हेंबर

रोवेना,

तू आलीस, दारात उभी राहिलीस आणि शेजारणींच्या देखत माझे पाय धरलेस. "मला काय वाटेल ते बोला, मानांग, पण त्याला चालवा. असा ठेवलात तर वर्षभरात गळून जाईल." मी तुला म्हटलं, "मला काय सांगतेस? त्याला विचार." तू आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारलीस. तो आतूनच ओरडला, "जा गं तू! मला इथे सुख लागलंय!" ते तू तुझ्या कानांनी ऐकलंस.

तरी बेर्तोबरोबर चिठ्ठ्या येतातच. व्यायाम लिहून पाठवू नकोस. मला ते पाठ आहेत. पहाटे मी त्याच्या गादीशेजारी चटई घालते आणि ते सगळे करते, एकटी. त्याला कुशीवर वळवायला, उचलून बसवायला माझी कंबर शाबूत पाहिजे. तो वरून बघत पडलेला असतो. परवा म्हणाला, "तू अजून किती लवचीक आहेस गं." मी कंबर उचलून धरली होती, दहा मोजून सोडली.

तू विचारतेस, यात माझं काय भलं आहे. विचारणारच. तुला अजून वाटतं, मी रागाने करते. राग जुलैतच संपला. सरळ केला की तो चालतो, आणि चालायला लागला की जातो. मला कळायला नऊ वर्षं लागली. तुला चार महिन्यांत कळलं. दोघींनी एकच काम केलं आणि दोघींना एकच फळ मिळालं. आता मी वेगळं करून बघतेय. रोज बाजारातून परत येते तेव्हा तो घरात असतो. लग्न झाल्यापासून असं कधी नव्हतं.

तो मला शिव्या देत नाही. शेजारणींना सांगतो, "कारिंग सुधारली." माझ्या हातचं जेवताना पहिल्यांदाच डोळे मिटून जेवतो. मीही माणूस आहे, रोवेना. मला ते गोड लागतं.

परवा आमचा फिएस्टा होता. सकाळी वाजंत्र्यांची फेरी गल्लीत शिरली. लांबून ढोल ऐकू आला तसा तो उठून बसायला धडपडला. पांघरूण बाजूला केलं, पाय खाली सोडले. पाय पुन्हा तसेच होत चाललेत, तू मे महिन्यात पाहत होतीस तसे. टाचा जमिनीला लागल्या.

"कारिंग, पायांत कसंतरीच होतंय गं. मुंग्या आल्यासारखं. हात दे. खिडकीपर्यंतच जाऊ. बघू तरी."

त्याने हात पुढे केला. नऊ वर्षांत त्याने आपण होऊन 'चल' म्हणून कधी हात पुढे केला नव्हता. एकदाही नाही. मी हातातला वाडगा घेऊन तशीच उभी राहिले. बाजा अगदी आमच्या खिडकीखाली आला होता, भिंतीचा बांबू थरथरत होता. खोलीतून खिडकी म्हणजे काही पावलं. त्याला ती झेपली असती. मला ठाऊक आहे कसं धरायचं, काखेत नाही, कोपराला, आणि वजन त्याच्या त्यालाच पेलू द्यायचं.

मी वाडगा खाली ठेवला. त्याचा हात घेतला, पांघरुणात घातला. एकेक पाय उचलून वर ठेवला. त्याने मला ते करू दिलं.

"आता कुठे उठतोस," मी म्हटलं, "सूप निवतंय."

त्याने तोंड उघडलं. मी चमच्याने भरवत राहिले. बाजा पुढे सरकला, कोपऱ्यावर वळला, पलीकडच्या आळीत गेला. तो मान तिकडे करून ऐकत होता, म्हणून थोडं सूप हनुवटीवर ओघळलं.

"गेले का सगळे?" त्याने विचारलं.

"गेले," मी म्हटलं, आणि त्याची हनुवटी पुसली.

एन्कार्नासियोन